मोबाइलवरची रोजची शब्दकोडी आणि तर्ककोडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्डल (सहा संधींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा), सुडोकू, क्वीन्स (रंगीत चौकटीत वजीर बसवायचे), स्पेलिंग बी (दिलेल्या सात अक्षरांतून इंग्रजी शब्द बनवायचे) आणि मराठी शब्दकोडी रोज फोनवर सोडवणाऱ्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. कोडं अडतं तेव्हा बहुतेक वेळा नियमातला एखादा बारकावा निसटलेला असतो. म्हणून काही ठिकाणी नियम जरा खोलात जाऊन सांगितले आहेत.

नवीन कोडं नेमकं किती वाजता येतं?

वर्डल आणि कनेक्शन्स (शब्दांचे गट जुळवायचा खेळ) तुमच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे रात्री बारा वाजता बदलतात. स्पेलिंग बी मात्र न्यूयॉर्कच्या पहाटे ३ वाजता बदलतं, म्हणजे आपल्याकडे दुपारी १२:३० वाजता. नोव्हेंबर ते मार्च अमेरिकेत हिवाळी वेळ असते, तेव्हा १:३० वाजता. लिंक्डइनवरची क्वीन्स, टँगो, झिप ही कोडी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री बदलतात. भारतात तीही त्याच १२:३० किंवा १:३० वाजता येतात.

रोज न चुकता सोडवतो, तरी 'एक दिवस चुकला' असं दिसतं. कसं काय?

वरच्या वेळेतच त्याचं उत्तर आहे. समजा उन्हाळ्यात तुम्ही सोमवारी सकाळी ११ वाजता क्वीन्स सोडवलं. तिकडे तेव्हा रविवारची रात्र असते, त्यामुळे ते रविवारचं कोडं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत १ वाजता पुन्हा बसलात, तर तोवर तिकडे मंगळवार उजाडलेला असतो. मधलं सोमवारचं कोडं तुमच्या हातून गेलं, आणि तुमच्या दृष्टीने तर एकही दिवस चुकला नव्हता. उपाय सोपा आहे: रोज सकाळी तरी सोडवा, नाहीतर रोज दुपारी दोननंतर तरी. मध्येच वेळ बदलू नका.

मालिका (सलग किती दिवस खेळलो त्याची मोजणी) एकदम शून्यावर आली. आकडे परत मिळतील का?

खात्यात लॉग-इन करून खेळत असाल तर आकडे सर्व्हरवर असतात, आणि नवीन फोनवर त्याच खात्याने शिरलं की बहुधा परत दिसतात. लॉग-इन न करता ब्राउझरमध्ये खेळत असाल तर सगळी नोंद फक्त त्या ब्राउझरच्या साठवणीत असते. फोन हळू चालतो म्हणून कुणी 'क्लिअर डेटा' केलं, खाजगी टॅबमध्ये खेळलात, क्रोममधून दुसऱ्या ब्राउझरवर गेलात, की नोंद गेली. आयफोनवर आणखी एक गोष्ट आहे. सफारी वापरात असताना सात दिवस एखाद्या साइटला तुम्ही हातच लावला नाही, तर तिने साठवलेली माहिती सफारी स्वतःहून पुसून टाकतं. तेव्हा गावाला जाऊन आठवडाभर खेळणार नसाल, तर आधी खातं उघडून ठेवा. पुसलेली नोंद परत आणता येत नाही.

प्रवासाचंही ध्यानात ठेवा. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना घड्याळ मागे जातं, त्यामुळे वर्डलला वेळ जास्तच मिळतो. उलट न्यूयॉर्कहून संध्याकाळी निघालात, तर थेट विमानानेही मुंबईत उतरेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झालेली असते. त्या दिवसाच्या कोड्याला जेमतेम पाच-सहा तास उरतात. विमानाला उशीर झाला तर तेवढेही नाहीत.

आणि घरच्या ग्रुपवर पुणे आणि न्यू जर्सी दोन्हीकडची मंडळी असतील, तर पुण्यात वर्डल साडेनऊ ते साडेदहा तास आधी येतं. निकालाच्या रंगीत चौकटी खुशाल पाठवा, शब्द मात्र लिहू नका.

वर्डलमध्ये अक्षर शब्दात आहे, तरी ते राखाडी का दाखवलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो दुबार अक्षराचा आहे. ॲप आधी हिरवी, म्हणजे बरोबर जागी असलेली अक्षरं ठरवतं. मग उत्तरात ते अक्षर जितक्या वेळा उरलं असेल, तितकीच अक्षरं डावीकडून उजवीकडे पिवळी करतं, म्हणजे अक्षर शब्दात आहे पण जागा वेगळी. बाकीची राखाडी.

समजा उत्तर 'क्रेन' आहे: सी-आर-ए-एन-ई. तुम्ही ई-ई-आर-आय-ई असा शब्द टाकला. शेवटची ई बरोबर जागी आहे, ती हिरवी. उत्तरात ई एकच होती आणि ती वापरली गेली, म्हणून पहिल्या दोन्ही ई राखाडी. आर पिवळं, आय राखाडी. इथे राखाडी ई म्हणजे 'ई नाही' असं नाही, 'आणखी ई नाही' असा अर्थ आहे.

उलट उदाहरण: उत्तर ए-बी-बी-ई-वाय, अंदाज के-ई-बी-ए-बी. तिसरं बी हिरवं. उत्तरात अजून एक बी दुसऱ्या जागी शिल्लक आहे, म्हणून पाचवं बी पिवळं. यावरून उत्तरात बी दोनदा आहे हे पक्कं कळतं, आणि ही फार मोलाची माहिती आहे.

पहिला शब्द कोणता टाकावा?

'स्लेट' किंवा 'क्रेन'. जॉश वॉर्डल यांनी २०२१ साली खेळ खुला केला तेव्हाच्या यादीत उत्तराचे शब्द सुमारे २,३०० होते, आणि अंदाज म्हणून चालणारे जवळजवळ १३,०००. त्या उत्तरांमध्ये सुरुवातीला सर्वांत जास्त वेळा एस येतं आणि शेवटी ई, म्हणून एस-एल-ए-टी-ई हा शब्द दोन्ही टोकं एकदम तपासतो. चार स्वर एका दमात तपासणारा 'अड्यू' हा शब्द लोकांना आवडतो, पण स्वर कळून शब्द फारसे गळत नाहीत. व्यंजनं कळली की गळतात. नुसता एस लावून झालेली अनेकवचनं मूळ यादीत उत्तर म्हणून नव्हती. अंदाज म्हणून ती चालतात.

दुसऱ्याच ओळीत चार अक्षरं हिरवी झाली, तरी हरलो. काय चुकलं?

हिरवं दिसलं की तेच धरून पुढचा शब्द टाकायचा मोह होतो. नेमकं तिथेच लोक फसतात. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली असं समजा. नेहमीच्या वापरातले आठ शब्द उरतात: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. तुमच्याकडे संधी चार. एकेक टाकत गेलात तर हरण्याची शक्यता निम्मी.

आता असं करा. तिसऱ्या ओळीत 'स्मेल्ट' टाका: एस-एम-ई-एल-टी. हे उत्तर नाही, हे ठाऊक असूनच टाकायचं. एस हिरवं आलं तर उत्तर 'साइट'. एम पिवळं आलं तर 'माइट', ई पिवळी आली तर आठाचं 'एट', एल पिवळं आलं तर 'लाइट'. टी शेवटी हिरवं येणारच, त्याकडे बघू नका. यातलं काहीच उजळलं नाही, तर चौथ्या ओळीत 'फ्रंट': एफ-आर-ओ-एन-टी. एफ हिरवं म्हणजे 'फाइट', आर पिवळं म्हणजे 'राइट', एन पिवळं म्हणजे 'नाइट', आणि तिन्ही राखाडी म्हणजे 'टाइट'. पाचव्या ओळीत शब्द हातात, सहावी ओळ शिल्लक.

हार्ड मोडमध्ये हे करता येत नाही, कारण तिथे मिळालेलं हिरवं अक्षर पुढच्या प्रत्येक शब्दात त्याच जागी ठेवावंच लागतं. म्हणून हार्ड मोडमध्ये खेळणाऱ्यांनी मुळात दुसरा शब्द निवडतानाच असे मोठे गट टाळायला हवेत. आणि हा मोड फेरीच्या सुरुवातीलाच चालू करता येतो, मध्येच नाही.

शाळेत शिकलेलं स्पेलिंग टाकलं तर बसत नाही.

वर्डल अमेरिकी स्पेलिंगवर चालतं. आपण 'कलर', 'ह्यूमर', 'फेव्हर' हे शब्द यू घालून सहा अक्षरी शिकलो. तिकडे ते पाच अक्षरी आहेत. २०२२च्या सुरुवातीला 'फेव्हर' आणि 'ह्यूमर' अशी उत्तरं आली तेव्हा ब्रिटनमधले खेळाडूही चिडले होते. 'फायबर'सारख्या शब्दांत शेवटी आर-ई ऐवजी ई-आर येतं, हेही डोक्यात ठेवा.

हिरवा-पिवळा रंग वेगळा ओळखता येत नाही.

सेटिंगमध्ये हाय कॉन्ट्रास्ट मोड चालू करा. हिरव्याच्या जागी नारिंगी आणि पिवळ्याच्या जागी निळा येतो. ग्रुपवर पाठवलेल्या चौकटीही त्याच रंगात जातात.

स्पेलिंग बी आणि कनेक्शन्ससाठी काही युक्ती?

स्पेलिंग बीमध्ये मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवं आणि शब्द किमान चार अक्षरी. चार अक्षरी शब्दाला १ गुण, त्याहून मोठ्याला अक्षरामागे १, आणि सातही अक्षरं वापरणाऱ्या शब्दाला वर ७. म्हणून छोटे शब्द वेचत बसण्याआधी लांब शब्द शोधा. एकूण गुणांच्या ७० टक्क्यांना 'जीनियस' मिळतं.

कनेक्शन्समध्ये १६ शब्द, चारचे चार गट, चौथ्या चुकीला खेळ संपतो. पहिला गट दिसला की लगेच दाबू नका. त्यात पाचवा शब्द बसतो का ते आधी पाहा. बसत असेल तर त्यांतला एक दुसऱ्या गटाचा आहे, आणि तो कोणता हे कळल्याशिवाय दाबलं तर बहुधा चूकच मोजली जाते.

सुडोकूत कधीतरी अंदाज लावावाच लागतो ना?

नाही. नीट बनवलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं आणि तिथवर तर्काने जाता येतं. हे कोडं हॉवर्ड गार्न्स यांनी बनवलं; १९७९ साली ते अमेरिकेत 'नंबर प्लेस' नावाने छापून आलं, आणि सुडोकू हे नाव त्याला पुढे जपानमध्ये मिळालं. एकच उत्तर यावं यासाठी किमान १७ आकडे दिलेले असावे लागतात, हे २०१२ साली डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकावर सर्व शक्यता तपासून सिद्ध केलं. मात्र दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं अवघड असं समीकरण नाही. २४ आकड्यांचं कोडं सोपं असू शकतं आणि २८चं डोकं फिरवू शकतं.

अंदाज लावण्यात तोटा असा की चूक लगेच दिसत नाही. चुकीचा ५ टाकला, त्यावरून पंधरा-वीस घरं भरली, आणि मग एका ओळीत दोन ८ आले. आता कुठून खोडायचं ते कळत नाही, आणि सगळं कोडं पुन्हा मांडावं लागतं.

मग अडल्यावर क्रमाने काय करावं?

आधी आकडा धरून चौकोन बघा. ६ घ्या. पहिल्या ओळीत ६ उजव्या चौकोनात आहे, दुसऱ्या ओळीत मधल्या चौकोनात. म्हणजे डाव्या चौकोनात ६ तिसऱ्याच ओळीत येणार. तिथल्या तीन घरांपैकी दोन भरलेली असतील, तर उरलेलं घर ६चं. १ ते ९ असे सगळे आकडे एकदा फिरवलेत की सोपी कोडी इथेच संपतात.

त्यानंतर नोट्स चालू करा, म्हणजे पेन्सिलचं चिन्ह. रिकाम्या घरात तिथे बसू शकणारे सगळे आकडे बारीक लिहा. अर्धवट नोट्स या नोट्स नसण्याहून वाईट, कारण मग 'या घरात दोनच शक्यता' हे वाक्य खरं आहे की नाही ते तुम्हालाच सांगता येत नाही. नोट्स पूर्ण झाल्या की जोड्या शोधा. एकाच ओळीतल्या दोन घरांत फक्त ३ आणि ७ असतील, तर ३ आणि ७ त्या दोन घरांतच जाणार. ओळीतल्या बाकी घरांतून ते खोडा. तसंच एखाद्या चौकोनात ४ फक्त एकाच ओळीतल्या घरांत बसत असेल, तर त्या ओळीत चौकोनाबाहेरचे ४ खोडा.

बहुतेक ॲपमध्ये चूक लगेच लाल दाखवण्याची सोय असते आणि तीन चुकांना खेळ बंद होतो. आमचं मत असं की लाल दाखवणं बंदच करावं. ते चालू असलं की आकडा टाकून बघायची सवय लागते आणि तर्क मागे पडतो.

क्वीन्समध्ये वजीर कसे बसवायचे?

प्रत्येक ओळीत, प्रत्येक स्तंभात आणि प्रत्येक रंगात एक वजीर. दोन वजीर एकमेकांना चिकटायचे नाहीत, तिरकेसुद्धा. बुद्धिबळ खेळणारे इथे हमखास गडबडतात: ते पूर्ण तिरकी रेघ बंद करतात. इथे तिरकं फक्त लागून असलेलं घर बंद होतं, त्यापलीकडे वजीर चालतो.

एकदा टॅप केलं की फुली, दोनदा केलं की वजीर. सुरुवात वजिराने न करता फुल्यांनी करा. सर्वांत लहान रंग पकडा. आडव्या दोन घरांचा रंग असेल तर त्या ओळीतली बाकी सगळी घरं फुली, शिवाय त्या दोघांच्या थेट वरची दोन आणि थेट खालची दोन घरंही फुली, कारण वजीर दोघांपैकी कुठेही बसला तरी तो त्यांना चिकटणारच. तीन घरांचा काटकोनी रंग असेल तर त्याच्या कुशीतलं चौथं घर तिघांनाही लागून असतं, तेही फुली. दोन रंग मिळून दोनच ओळींत मावत असतील, तर त्या दोन ओळींतून बाकीच्या रंगांना बाहेर काढा. बहुतेक अडलेली क्वीन्स या शेवटच्या नियमावर सुटतात.

मराठी शब्दकोड्यात एक घर म्हणजे नेमकं काय?

वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याची रीत हीच खरी: एका घरात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि जोडाक्षरही एकच घर. 'पुस्तक' म्हणजे पु, स्त, क ही तीन घरं. 'क्षत्रिय' म्हणजे क्ष, त्रि, य ही तीन. उभा-आडवा शब्द जिथे छेदतात तिथलं अक्षर मात्रेसकट दोन्हीकडे जुळायला हवं.

फोनच्या पोटात मात्र 'पुस्तक' सहा तुकड्यांत साठवलेलं असतं: प, उकार, स, हलन्त, त, क. ॲप बनवणाऱ्याने तुकडेच मोजले तर तो शब्द सहा अक्षरी ठरतो. जरा बरा हिशेब केला तर पु, स्, त, क अशी चार घरं निघतात. जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडच्या (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या जागतिक मानकाच्या) १५.१ या २०२३च्या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या आज्ञावलींवर उभी असलेली ॲप अजून चुकतात. मराठी ॲप घेताना 'पुस्तक' किंवा 'शब्द' टाकून बघा. 'शब्द'ला दोन घरं दिली तर ॲप मराठी जाणणाऱ्याने केलंय.

शब्द अगदी बरोबर आहे, तरी ॲप 'चूक' म्हणतं.

दिसायला सारखी असणारी अक्षरं दोन प्रकारे टाइप होतात. 'दुसऱ्या'मधला ऱ्या नुक्त्याच्या ऱ पासून होतो, तसाच साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडक घालूनही होतो. 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण काही कीबोर्ड अ वर चंद्र ठेवून तेच चित्र काढतात. डोळ्यांना फरक नाही, यंत्राला आहे. असं झालं तर ॲपमधलाच कीबोर्ड वापरा, आणि बनवणाऱ्यांना तो शब्द जसाच्या तसा कॉपी करून कळवा. फोटो पाठवून त्यांना काहीच कळत नाही.

दुसरं कारण ऱ्हस्व-दीर्घाचं. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ: कवी, गुरू. अकारान्त (शेवटी 'अ' असलेल्या) मराठी शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार-उकार दीर्घ, म्हणून फूल, मूल. पण पुढे दीर्घ अक्षर आलं की तो ऱ्हस्व होतो, म्हणून फुले, मुले. गुण, विष हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, ते ऱ्हस्वच राहतात. एवढे तीन नियम आले तरी निम्म्याहून अधिक नकार टळतात.

रोज कोडी सोडवली तर विस्मरण टळतं का?

असा दावा करणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. सुडोकूच्या सरावाने सुडोकू सुधारतं, एवढं नक्की. 'मेंदूचा व्यायाम' म्हणून विकल्या जाणाऱ्या ल्युमोसिटी या ॲपच्या कंपनीने अशा दाव्यांवरून २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाला २० लाख डॉलर भरले होते. घरातल्या कुणाला विसरायला होऊ लागलं असेल तर डॉक्टरांकडे न्या. कोडी आनंदासाठी सोडवा, तेवढं कारण पुरेसं आहे.

ॲप काढून टाकलं, तरी पैसे कापले जातात.

ॲप काढल्याने वर्गणी रद्द होत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर टॅप करा, पेमेंट आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा. आयफोनवर सेटिंग, मग स्वतःचं नाव, मग सबस्क्रिप्शन्स. यूपीआय ऑटोपे दिलं असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमधूनही ते बंद करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी विचारत नाहीत. तेव्हा तो एसएमएस वाचा.

सुडोकूच्या ॲपने कॉन्टॅक्ट, लोकेशन किंवा एसएमएस वाचायची परवानगी मागितली तर देऊ नका. आकडे भरायला यातलं काहीच लागत नाही. जाहिराती फार येत असतील आणि कोडी फोनमध्येच साठवलेली असतील, तर विमान मोड लावून खेळा.

मुलांना स्क्रीनशिवाय देता येईल असं रोजचं कोडं आहे का?

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी शोधलेलं एक आहे. चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. अशी कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच. मुलं हमखास चुकतात ती मधल्या पायरीत शून्य आल्यावर: ३७८च्या आधीचं शून्य गाळतात. ते लिहायला लावा.